आईच्या पानापुढं रडू आलं नाही, लेणीत मात्र आलं

लातूर जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. वय ३४, शाळेत शिक्षिका, सासर तालुक्याच्या गावी, माहेर तिथून तासाभराच्या अंतरावर. ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदललेत, बाकी तिचंच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिची आई गेली. वडील आहेत, ते लहान भावाजवळ राहतात. शेवटचे चार महिने आई अंथरुणावर होती. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, लोक कुजबुजायला लागले, शेवटी भाऊ मोठ्यानं म्हणाला "माय, अक्काचं माहेर तुटू देणार नाही", तेव्हा कुठं शिवला. तिला ते सगळं नाटक वाटलं. यंदा वर्षश्राद्ध झालं, साठ माणसं जेवली, आईचं पान वाढलं, फोटोला हार घातला, पण तिच्या डोळ्यात पाण्याचा थेंब नाही. आतून एकदम कोरडं. त्यानंतर महिनाभरानं शाळेची सहल निघाली, देवगिरी, वेरूळ, अजिंठा. अजिंठ्याला २६ नंबरच्या लेणीत डाव्या भिंतीशी झोपलेल्या बुद्धापुढं उभी राहिली आणि काय झालं तिलाच कळलं नाही, हुंदके देऊन रडली, सगळ्या पोरांसमोर. सहावीतल्या एका पोरीनं पाण्याची बाटली पुढं केली. सोबतच्या मॅडमनी कौतुकानं ही गोष्ट फोनवर भावजयीला सांगितली, तर भावजय म्हणाली, "आईच्या पानापुढं कोरडी अन् दगडापुढं रडली होय."

आता भाऊ म्हणतोय की भाद्रपदात पहिली अविधवा नवमी येईल, तू दरवर्षी यायचंच. तिचे प्रश्न असे, की माझ्यात काही बिघडलंय का? ज्यातून मला काहीच वाटत नाही ते विधी फक्त लोकलाजेसाठी करत राहायचे का? आणि आईची एक वाकळ अर्धी राहिलीय, सुई अजून तशीच टोचलेली आहे, तिचं काय करू?

लेकी, पत्रात तू मला मावशी म्हणलीस म्हणून मीही सरळ तू म्हणते.

आधी बिघडल्याचं बघू. माझे अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्यापर्यंत मी नुसते हिशोब केले, मंडपवाल्याचे किती, आचाऱ्याचे किती, कोणत्या पाव्हण्याला टोपी-टॉवेल गेला अन् कोणाला राहिला. रडू आलं ते दीड वर्षानं, येळवसेला, म्हणजे शेतात जेवायला जायच्या वेळ अमावस्येला. शेतात कोपीपुढं सगळे जेवायला बसलेले, भज्जी वाढून झालेली, पोरं बोंबलत पळतायत, मी आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि त्यात लसूण जास्त होता. अण्णांना आंबिलीत लसूण जास्त लागायचा, त्यावरून आईशी दरवर्षी भांडण व्हायचं, अन् त्या वर्षी आईनं कुणी न सांगता तेवढा घातला होता. तिथं ज्वारीच्या धाटात जाऊन अर्धा तास रडले. आमच्या चुलत्याला वाटलं मला काही चावलं. तेव्हा तुझ्यात काही बिघडलं असेल तर ते माझ्यातही बिघडलेलं आहे, आणि मला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्या लोकांच्यात.

तू वर्षश्राद्धाचं जे वर्णन लिहिलंयस ते परत एकदा वाच. गिलास कमी पडले म्हणून शेजारून आणले, खीर खाली लागली म्हणून दुसऱ्या पातेल्यात काढली, गुरुजी उशिरा आले, मामांना गॅसची गोळी लागत होती ती शोधली. अगं या सगळ्यात तू रडणार कधी होतीस? गिलास मोजणाऱ्या माणसाला रडायला जागा नसते. घरातल्या बाया श्राद्धाच्या दिवशी रडत नाहीत असं नाही, पण ज्या रडतात त्या बऱ्याचदा बसलेल्या असतात, आणि तू दिवसभर बसलीच नाहीस. अजिंठ्यात पहिल्यांदा उभी राहिलीस, हातात काही नव्हतं, अंधार होता, अन् तुझ्याकडं बघून "बघा बघा लेक कशी रडतीय" किंवा "लेक असून कशी रडत नाही" म्हणणारं कुणी नव्हतं. पोरं होती, पण पोरांनी पाणी दिलं, विषय संपला.

दुसरं म्हणजे तू पत्रभर दोन गठ्ठे बांधलेत. एका गठ्ठ्यात श्राद्ध, पान, कावळा, लोकलाज, सगळं खोटं. दुसऱ्यात लेणी, शिल्प, खरं रडू. अन् भावजयीनं तेच गठ्ठे उलटे बांधले, पान खरं आणि दगड खोटा. मला वाटतं तुम्ही दोघी एकाच ठिकाणी चुकताय, आणि त्यासाठी तुला त्या २६ नंबरच्या लेणीचीच गोष्ट सांगते, कारण सहलीत गाईड ही सहसा सांगत नाहीत, त्यांना पोरं मोजायची घाई.

त्या लेणीच्या व्हरांड्यात भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे, पाचव्या शतकाच्या शेवटी शेवटीचा. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूनं ती लेणी करवली. हा साधासुधा भिक्खू नव्हता, अश्मक राज्याचा अमात्य भव्विराज याच्याशी त्याची जुनी मैत्री. अश्मक म्हणजे आपल्या गोदावरीकाठचंच जुनं राज्य. तर ही लेणी त्या भव्विराजाच्या नावानं आणि आपल्या आईवडिलांच्या नावानं केली असं बुद्धभद्रानं त्यात लिहून ठेवलंय. आणि पुढं त्यात असंही आहे, मी माझ्या भाषेत सांगते, की जोवर जगात माणसाची आठवण हिरवी असते तोवर तो स्वर्गात सुखानं असतो, म्हणून डोंगरात असं स्मारक करावं जे चंद्रसूर्य आहेत तोवर टिकेल.

म्हणजे बघ, तू ज्या दगडापुढं रडलीस तो कुणीतरी आपल्या आईबापाच्या नावानं कोरून घेतलेला आहे. पंधराशे वर्षांपूर्वीचं पानच म्हण ना. भावजयीला हे सांगच, पण टोमणा म्हणून नको, गोष्ट म्हणून सांग.

आता ते शिल्प, बुद्धाच्या शेवटच्या क्षणाचं, महापरिनिर्वाणाचं. सात मीटरच्या आसपास लांब आहे ना, तू उभी होतीस तिथून डोकं आणि पाय एका नजरेत मावत नाहीत. बुद्ध उजव्या कुशीवर झोपलाय, हात गालाखाली, एकदम आपली माणसं दुपारी कलंडतात तसा. तू लिहिलंयस की आई शेवटी शेवटी अशीच कुशीवर पडून असायची. मग आणखी काय कारण पाहिजे? पण माझ्या मते त्या भिंतीतली खरी जागा खाली आहे, पलंगाच्या खालच्या पट्टीत. तिथं रडणारे बसलेत, रांगेनं. कुणाचा हात डोक्याला, कुणी मान टाकलेली, कुणी पाठमोरा. आणि सगळ्यात वर देव, ते मात्र वाजंत्री घेऊन आलेत. एकाच मरणाला खाली रडारड आणि वर वाजतगाजत स्वागत. कारागिरानं दोन्ही कोरलं अन् मधे तो झोपलेला, त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

जुन्या पाली सुत्तात, म्हणजे बौद्धांच्या जुन्या ग्रंथात, याच प्रसंगाची हकीकत आहे. आनंद, म्हणजे जो पंचवीस वर्षं बुद्धाची सेवा करत होता तो, शेवट जवळ आलाय हे कळल्यावर सगळ्यांसमोर न रडता विहारात गेला आणि दाराच्या चौकटीला धरून रडत उभा राहिला. मग बुद्धानं त्याला बोलावून घेतलं, रडू नको म्हणाला, आणि त्यानं किती मायेनं सेवा केली ते सगळ्या भिक्खूंसमोर बोलून दाखवलं. पुढं प्रत्यक्ष निर्वाण झालं तेव्हा काही भिक्खू हात वर करून आक्रोश करत होते, जमिनीवर लोळत होते, आणि काही शांत बसून होते. वर अनुरुद्ध नावाचा एक थोरला भिक्खू रडणाऱ्यांना म्हणालाच, पुरे करा आता. प्रत्येक दुःखाच्या घरी कसं रडावं हे सांगणारं कुणीतरी असतंच बघ, तेव्हाही होतं.

त्या आनंदवरून मला तुझी भावजय आठवली. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत. एक तो दगडाचा टोमणा, तो तू अधोरेखित केलायस. आणि दुसरं तू असंच जाता जाता लिहून गेलीस, "शेवटचे चार महिने तिनंच आईचं सगळं केलं". सगळं म्हणजे काय गं? कूस बदलणं, अंग पुसणं, खाली-वर करणं, रात्री तीनला उठून घोटभर पाणी. बरं, त्याबद्दल तिला साठ माणसांसमोर कुणी चार शब्द बोललं का? बुद्धानं आनंदला बोलून दाखवलं तसं? मला वाटतं वर्षश्राद्धाच्या दिवशी ती तुझ्या रडण्याची वाट बघत होती. तू रडली असतीस तर तिलाही तुझ्या गळ्यात पडून रडता आलं असतं, सुनेला सासूसाठी पहिलं रडता येत नाही आपल्याकडं, लेक असताना तर नाहीच. आणि मग तिला कळलं की तू रडलीस, पण दूर कुठंतरी, परक्या लोकांत. त्या टोमण्यात मला तरी दुखावल्याचाच आवाज येतो. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण एकदा तिला एकटीला गाठून नुसतं विचार, "शेवटच्या दिवसांत माय काय बोलायची गं तुझ्याशी?" मी पैजेवर सांगते, तुला माहीत नसलेल्या गोष्टी निघतील.

कावळ्याचंही तसंच. तुला नाटक वाटलं, वाटू दे, कावळ्याला काय कळतं या वादात मला पडायचंच नाही. पण एक सांग, तुझा भाऊ तुझ्या तोंडावर कधी म्हणला असता का की तुझं माहेर तुटू देणार नाही? आपल्याकडचे भाऊ असं बोलतात का? दिवाळीला साडी देताना पण बायकोच्या हातानं देतात. त्याला ते म्हणायला कावळा लागला, अन् नदीकाठी उभं असलेलं गाव लागलं. आता तो शब्द चारचौघांत गेलाय, आणि "दरवर्षी यायचंच" म्हणतोय ते त्याच शब्दाला धरून. तू त्याला लोकलाज समजतीयस, मी त्याला भावाचं आमंत्रण समजते.

मग जायचं का? माझं मत, या भाद्रपदात जा. पहिली नवमी आहे, आई सवाष्ण गेली म्हणून तिचा हा दिवस, वडीलही वाट बघतील. पण मागच्यासारखी जाऊ नको. भावाला आधीच फोन करून सांग की मी पाव्हणी म्हणून येणार नाही अन् वाढपी म्हणूनही येणार नाही, मला एकच काम दे आणि ते माझंच राहू दे. माझ्या मते आईचं पान तू वाढ. पक्षातला स्वयंपाक सगळीकडं सारखाच, खीर, वडे, कढी, भाज्या, पण त्यात आईचा म्हणून एक पदार्थ असेलच, शास्त्रात बसो न बसो. तिला शेंगदाण्याची चटणी अन् शिळी भाकरी आवडत असेल तर ती ठेव पानात. कुणी हरकत घेतलीच तर पैठणच्या नाथांची गोष्ट सांग, वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दारात आलेल्या, गावानं बाहेर ठेवलेल्या भुकेल्या माणसांना वाढला, ब्राह्मण रुसून बसले, अन् मग पितर स्वतः जेवायला आले असं सांगतात. आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट आहे, म्हणजे पानावरून वाद घालायची रीत इथं जुनीच आहे, तुझ्यापासून सुरू होत नाही.

आणि माणसं कमी बोलवा. साठ कशाला? घरची आठदहा पुरेत. जेवणं झाल्यावर भांडी तशीच राहू द्या अर्धा तास, अन् बसा. प्रत्येकानं आईची एक गोष्ट सांगायची, खरी, गोडगोड नको. कशी चिडायची, कुणाशी भांडायची, एसटीत जागा कशी धरायची. रडू आलं तर आलं, हसू आलं तरी चालतं, अन् काहीच आलं नाही तर भांडी घासा अन् घरी या. दरवर्षी जायचं का ते पुढच्या वर्षी बघ, आत्ताच जन्मभराचा शब्द कशाला द्यायचा. एखाद्या वर्षी नाही जमलं तर त्या दिवशी तुझ्या घरी तिच्या आवडीचं काहीतरी करून दारात आलेल्याला दे.

हे सगळं वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरी श्राद्ध नाही असेही बरेच आहेत. गेल्या वर्षी एका बौद्ध मुलाचं असंच पत्र होतं, वडिलांच्या पुण्यानुमोदनाला तो कोरडाच राहिला अन् नंतर बाजारात वडिलांसारखी टोपी घातलेला माणूस दिसला तर रस्त्यात बसला. एका मुस्लिम ताईंनी लिहिलं होतं की शबे-बारातला भाऊ कब्रस्तानात जाऊन आले, त्या घरी हलवा करत राहिल्या, अन् रडू आलं ते कधीतरी बीबी का मकबरा बघायला गेल्यावर, तिथल्या जाळीतून खाली कबरीकडं बघताना. मकबरा मुलानं आईसाठी बांधला असंच आपण शाळेपासून ऐकतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, तिची ती कबर. लोक त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून नावं ठेवतात अन् पुढं जातात. त्या ताईंना नक्कल-बिक्कल काही दिसलं नाही, आई गेलेली लेकरं दिसली. सगळ्यांना लेणी नाहीतर मकबराच लागेल असंही नाही, कुणाला दळणाची ओवी ऐकून होतं, कुणाला लग्नातल्या बँडवर. ठरवून गेलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या लोक रडायला म्हणून गाड्या भरून अजिंठ्याला जातील.

एक मात्र गंभीरपणे. रडू न येणं किंवा भलतीकडं येणं याची काळजी करू नको. पण वर्ष उलटलं तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शाळेत उभं राहवत नसेल, किंवा आपणही नको असं मनात येत असेल, तुझ्या किंवा घरातल्या कुणाच्याही, वडिलांकडं विशेष लक्ष दे, कारण म्हातारे पुरुष सांगत नाहीत, तर डॉक्टरांना दाखवायचं. सरकारची टेली-मानस म्हणून फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, रात्री-बेरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.

आता वाकळ. तू लिहिलंस की आईच्या दोन लुगड्यांचे थर अन् मधे वडिलांचं जुनं धोतर, कडेनं टाके घालत ती मधे मधे येत होती, अन् अर्ध्यात सुई टोचून ठेवलीय, दोरा तसाच लोंबतोय. पुरी करायची का तशीच ठेवायची हे आज ठरवायची काहीच गरज नाही. पण ती सुई आजच काढ. गंजते ती, अन् गंजाचा डाग लुगड्यातून निघत नाही, माझ्याकडं एक आहे तसला. सुई काढली तर आईचा हात गेला असं वाटेल, म्हणून हात लावला नाहीस हे कळतंय मला, तर असं कर, दोरा कापू नको, सुईतून नुसता ओवून काढ अन् जिथं शेवटचा टाका आहे तिथं सैल गाठ मार. सुई एका डबीत ठेव. वाकळीत कडुनिंबाचा पाला घाल, दोन पावसाळ्यांत कसर लागली तर ठरवायला काही उरणार नाही. आणि कधी पुरी करायला बसलीस तर आईसारखे टाके यावेत म्हणून जीव काढू नको, येणार नाहीत. दुसऱ्या रंगाचा दोरा घे. तिचे टाके कुठं थांबले अन् तुझे कुठं सुरू झाले ते दिसू दे. भावजयीलाही चार टाके घालू दे, ते कसे येतात बघ.

आणि अजिंठ्याला परत एकदा जा, पोरांना न घेता. ज्या जागी आपण फुटतो तिथं परत जायला लाज वाटते, पण तू जा, यावेळी कदाचित काहीच होणार नाही अन् तू नुसतं शिल्प बघशील, खालच्या पट्टीतले चेहरे एकेक करून. भाऊ-भावजय येत असतील तर उत्तमच. लातूरहून एका दिवसात ओढाताण होते, आदल्या रात्री संभाजीनगरला मुक्काम कर, तिथून साधारण शंभर किलोमीटर. गाडी फर्दापूर फाट्यावर लावावी लागते, पुढं त्यांची बस. सकाळी ९ ला उघडल्या उघडल्या आत गेलीस की आधी सरळ शेवटाकडं चालत सुट, २६ नंबर पार टोकाला आहे, गर्दी पहिल्या दोन लेण्यांतच अडकते, तुला अर्धा-पाऊण तास शांत मिळेल. फक्त सोमवारी जाऊ नको, सोमवारी बंद असतं.